पार्श्वभूमी आणि मजकूर : ई-अध्ययन साहित्यातील स्लाइडच्या संपादनाची चिकित्सा

सारांश : महाविद्यालयीन अध्यापनासाठी तयार होणाऱ्या ई-अध्ययन साहित्यात स्लाइडची पार्श्वभूमी हा सजावटीचा आणि मजकूर हा आशयाचा भाग मानला जातो. साहित्यनिर्मितीच्या संगणक प्रणालीही हीच विभागणी गृहीत धरतात. प्रत्यक्षात ही सीमारेषा वारंवार पुसली जाते. मजकूर पार्श्वभूमीच्या चित्रात मिसळला की तो दुरुस्त करणे, शोधणे व भाषांतरित करणे कठीण होते आणि दृष्टिबाधित विद्यार्थ्यापर्यंत तो पोहोचतच नाही. मराठी साहित्याच्या बाबतीत जुन्या फॉन्टच्या सवयींमुळे ही हानी अधिक होते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा केली असून, ई-साहित्याचे मूल्यमापन त्याच्या दृश्य रूपाबरोबरच त्याच्या संपादनक्षमतेवरही व्हावे, अशी मांडणी केली आहे.

बीजसंज्ञा : ई-अध्ययन, स्लाइड, पार्श्वभूमी, मजकूर, युनिकोड, सुगम्यता.

१. प्रस्तावना

खडू-फळ्याच्या अध्यापनात पार्श्वभूमीचा प्रश्न कधी उद्‌भवला नाही. फळा एकच, त्याचा रंग ठरलेला, आणि त्यावर लिहिलेले चुकले तर डस्टरने पुसून पुन्हा लिहिण्याची सोय प्रत्येक अध्यापकाच्या हाताशी होती. १९८७ मध्ये पॉवरपॉइंट बाजारात आले आणि पुढील दोन दशकांत स्लाइडने फळ्याशेजारी जागा मिळवली. त्याबरोबर पूर्वी कधी घ्यावे न लागलेले निर्णय अध्यापकाकडे आले. मजकूर कशावर लिहायचा, मागे रंग असावा की चित्र, अक्षर किती मोठे असावे, हे प्रश्न त्यातूनच पुढे आले.

स्लाइडवरील टीका मुख्यतः तिच्या आशयाला धरून झाली. एडवर्ड टफ्टे यांनी २००३ मध्ये पॉवरपॉइंटच्या विचारपद्धतीवर लिहिलेल्या पुस्तिकेत मुद्द्यांच्या तुटक याद्यांमुळे युक्तिवाद दुबळा होतो, असे दाखवले. ही टीका मोलाची आहे. परंतु स्लाइडवर काय लिहिले आहे याइतकाच, लिहिलेले पुन्हा लिहिता येते काय, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे आणि त्याची चर्चा फारशी झालेली नाही. वर्गात अध्यापक उपस्थित असतो; स्लाइडवरील चूक तो तोंडी सुधारू शकतो. ‘स्वयम्’ हे राष्ट्रीय व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले आणि २०२० च्या टाळेबंदीत जवळजवळ सर्वच महाविद्यालयांना ई-साहित्याकडे वळावे लागले. तेव्हापासून स्लाइड अध्यापकाशिवाय, एकटीच विद्यार्थ्यापर्यंत जाऊ लागली. अशा स्थितीत तिच्यातील चूक सुधारण्याचा मार्ग तिच्या रचनेतच असावा लागतो.

२. प्रणालींनी मानलेली विभागणी

ई-अध्ययन साहित्यनिर्मितीच्या बहुतेक प्रणालींत स्लाइडची रचना तीन पातळ्यांवर असते. सर्वांत खाली मास्टर स्लाइड असते. तिच्यावर संस्थेचे बोधचिन्ह, रंगसंगती आणि मूळ पार्श्वभूमी ठेवली जाते. तिच्या आधारे शीर्षक, दोन स्तंभ, चित्र व टीप असे वेगवेगळे आराखडे तयार होतात. सर्वांत वर प्रत्यक्ष स्लाइड असते आणि तिच्यातील मजकूर आराखड्याने राखून ठेवलेल्या चौकटींत बसतो. मास्टरवर एक बदल केला की तो तिच्यावर आधारलेल्या सर्व स्लाइड्सवर उमटतो. ही रचना नेमकी समजून घेतली तर शंभर स्लाइड्सच्या पाठाची पार्श्वभूमी काही मिनिटांत बदलता येते. न समजता प्रत्येक स्लाइडवर स्वतंत्रपणे रंग भरला, तर तेच काम शंभर वेळा करावे लागते आणि त्यात काही स्लाइड्स सुटून जातात.

या विभागणीमागील गृहीत असे की, पार्श्वभूमी स्थिर व आशयशून्य असते आणि बदलणारा, अर्थवाही भाग मजकुराच्या चौकटीत असतो. परंतु या क्षेत्रातील एका प्रमुख प्रणालीचा इतिहासच या गृहीताला छेद देतो. ई-हेल्प या कंपनीचे ‘रोबोडेमो’ हे उत्पादन मॅक्रोमीडियाने २००३ मध्ये ती कंपनी घेतल्यानंतर २००४ मध्ये ‘कॅप्टिव्हेट’ या नावाने आणले आणि पुढे मॅक्रोमीडियाबरोबर ते अडोबीकडे आले. संगणकाच्या पडद्यावरील कृती टिपून त्यांचा पाठ बनवणे, हे त्याचे मूळ काम. टिपलेला प्रत्येक पडदा तेथे स्लाइडची पार्श्वभूमी बनतो आणि ‘अमुक बटण दाबा’ यासारखी सूचना त्यावर मजकूर म्हणून येते. म्हणजे जो आशय शिकवायचा आहे, तो येथे पार्श्वभूमीतच असतो. टिपलेल्या पडद्यावर जुनी तारीख किंवा चुकीचे नाव दिसत असेल, तर मजकूर संपादित करण्याच्या साधनाने ते बदलता येत नाही. त्या जागेवर ठिगळ लावावे लागते, चित्रसंपादकात पार्श्वभूमी रंगवून परत आणावी लागते किंवा पडदा नव्याने टिपावा लागतो.

याच प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांत चित्र पार्श्वभूमीत विलीन करण्याची एक आज्ञा आहे. ती वापरली की स्लाइडवरील वस्तूंची गर्दी कमी होते आणि चित्र चुकून जागचे हलत नाही. पण विलीन झालेले चित्र यापुढे स्वतंत्रपणे निवडता वा संपादित करता येत नाही. निर्मात्याला ही आज्ञा सोयीची वाटते. तिचा परिणाम मात्र त्याच्या जागी पुढे येणाऱ्या अध्यापकाला भोगावा लागतो.

३. नकाशाचे उदाहरण

पार्श्वभूमी आणि मजकूर यांतील सीमारेषा किती फसवी आहे, हे भूगोलाच्या एका साध्या स्लाइडवरून स्पष्ट होईल. महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचा रंगीत नकाशा संपूर्ण स्लाइडभर पार्श्वभूमी म्हणून ठेवला आहे, जिल्ह्यांची नावे नकाशाच्या चित्रातच आहेत आणि वर शीर्षकाच्या चौकटीत ‘महाराष्ट्र : ३५ जिल्हे’ असा मजकूर आहे, असे मानावे. १९९९ ते २०१४ या काळात ही स्लाइड निर्दोष होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले.

या बदलांपैकी ३५ च्या जागी ३६ करणे हे क्षणाचे काम आहे, कारण ती संख्या मजकुराच्या चौकटीत आहे. उर्वरित सर्व दुरुस्त्या चित्रात अडकलेल्या आहेत. परिणामी घाईत असलेला अध्यापक शीर्षक सुधारतो आणि नकाशा तसाच ठेवतो. स्लाइड आता ३६ जिल्हे सांगते व ३५ दाखवते. अशी अर्धवट दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा अधिक घातक ठरते, कारण शीर्षक अद्ययावत दिसल्यामुळे विद्यार्थी नकाशाविषयी शंकाही घेत नाही.

हाच नकाशा वेगळ्या रीतीने रचता आला असता. सीमारेषांचे चित्र खाली आणि प्रत्येक जिल्ह्याचे नाव त्यावर स्वतंत्र मजकूर म्हणून ठेवले असते, तर नामांतराच्या दुरुस्त्या कळफलकावर झाल्या असत्या. केवळ पालघरच्या सीमेसाठी चित्राला हात लावावा लागला असता. दृश्य रूपात दोन्ही स्लाइड्स सारख्याच दिसतात. त्यांतील भेद पहिल्या दिवशी कळत नाही, तो पंधरा वर्षांनी कळतो.

हा प्रश्न भूगोलापुरता मर्यादित नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा वाणिज्य शाखेचे अप्रत्यक्ष करांवरील साहित्य कालबाह्य झाले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ ऐवजी १०३ झाले. ज्या स्लाइडवर ‘कलम ३०२’ ही अक्षरे सजवलेल्या चित्राच्या रूपात शीर्षस्थानी बसवली आहेत, त्या स्लाइडवर आजच्या विधी अध्यापकाला शोधण्याची आज्ञा देऊनही ती सापडत नाहीत. प्रणालीच्या दृष्टीने ती अक्षरेच नसतात.

४. मराठी मजकुराची विशेष अडचण

मजकूर चित्रात रूपांतरित करण्याची सवय मराठी अध्यापकांना लागली, ती केवळ निष्काळजीपणातून नव्हे. त्यामागे खरी तांत्रिक कारणे होती. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच स्थान असले, तरी प्रत्यक्ष वापरात दीर्घकाळ श्री-लिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या फॉन्टचे प्राबल्य राहिले. या जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर स्लाइड उघडली की मराठी परिच्छेदाच्या जागी रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग दिसे. दुसरीकडे, ई-अध्ययनाच्या अनेक पाठांचा आधार असलेल्या फ्लॅशच्या जुन्या मजकूर-यंत्रणेला जोडाक्षरे व मात्रा जुळवणे साधत नसे. पहिली वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला पडे, रफार सुटा होई. अशा वेळी अन्य सॉफ्टवेअरमध्ये मजकूर लिहून त्याचे चित्र स्लाइडवर चिकटवणे हाच खात्रीचा उपाय होता.

ही अडचण आता बहुतांशी दूर झाली आहे. प्रचलित प्रणाली व ब्राउझर युनिकोड देवनागरीची जुळणी योग्य रीतीने करतात. फ्लॅशचा आधारही ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि त्यावर अवलंबून असलेले पाठ त्यानंतर सामान्य ब्राउझरमध्ये चालेनासे झाले. ज्या अध्यापकांजवळ आपल्या पाठाची मूळ संपादनयोग्य धारिका होती, त्यांना तो नव्या स्वरूपात पुन्हा प्रकाशित करण्याची संधी होती. ज्यांच्याकडे केवळ प्रकाशित रूप उरले होते, त्यांच्या श्रमांचे फळ त्या दिवशी हातचे गेले. अडचण गेली तरी सवय मात्र उरली आहे. आजही मराठी शीर्षके चित्र म्हणून बसवली जातात आणि जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित न करताच नव्या प्रणालीत आणला जातो.

युनिकोडचा स्वीकार केल्यानंतरही काही बाबी डोळसपणे पाहाव्या लागतात. राज्य शासनाने २००९ मध्ये प्रमाणित केलेल्या मराठी वर्णमालेत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचा स्वीकार केला आहे. या अक्षरांचे मराठी व हिंदी आकार युनिकोडमध्ये एकाच संकेताने दर्शवले जातात. कोणता आकार दिसेल हे फॉन्टवर आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली आहे की नाही यावर अवलंबून असते. तसेच, रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या चौकटीत दोन ओळींतील अंतर कमी ठेवले, तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा-अनुस्वार एकमेकांत अडकतात. मजकूर चौकटीत मावत नाही म्हणून प्रणालीला अक्षर आपोआप लहान करू दिले, तर जोडाक्षरे ओळखू येईनाशी होतात. अशा वेळी मजकूर कमी करणे किंवा तो दोन स्लाइड्सवर विभागणे हाच योग्य संपादकीय निर्णय होय.

५. वाचनीयता आणि सुगम्यता

पार्श्वभूमीची निवड हा अभिरुचीचा प्रश्न मानला जातो. त्याला मोजता येण्याजोगा आधारही आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संकेतस्थळ-सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मजकूर व पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर सामान्य अक्षरांसाठी किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ असावे. पांढऱ्यावर काळे हे गुणोत्तर २१ आहे. महाविद्यालयीन स्लाइड्समध्ये सर्रास आढळणाऱ्या गडद निळ्या पार्श्वभूमीवर, शुद्ध निळा रंग धरल्यास, पिवळ्या अक्षरांचे गुणोत्तर सुमारे ८ येते, म्हणजे ती जोडी निकषात बसते. त्याच निळ्यावर महत्त्वाचा शब्द उठून दिसावा म्हणून लाल केला, तर गुणोत्तर सुमारे २.१ वर येते. जो शब्द ठळक करायचा होता, तोच सर्वांत कमी वाचनीय होतो. निळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फिकट होत जाणाऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी ओळ डावीकडे स्पष्ट आणि उजवीकडे अदृश्य असते. छायाचित्राच्या पार्श्वभूमीवर तर प्रत्येक अक्षराखालील गुणोत्तर वेगळे असते.

अक्षराच्या आकाराचेही तसेच आहे. दहा इंच रुंदीच्या स्लाइडवर २४ पॉइंटचे अक्षर प्रक्षेपकावर पुरेसे वाटते. तीच स्लाइड विद्यार्थ्याने सात सेंटिमीटर रुंदीच्या, उभ्या धरलेल्या मोबाइलवर पाहिली, तर ते अक्षर सुमारे साडेसहा पॉइंटचे होते. ग्रामीण महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थ्यांसाठी मोबाइल हेच ई-अध्ययनाचे एकमेव साधन आहे, हे लक्षात घेतल्यास स्लाइडची परीक्षा सभागृहातील पडद्यावर घेणे पुरेसे नाही, हे मान्य करावे लागेल.

दृष्टिबाधित विद्यार्थ्याच्या बाबतीत प्रश्न याहून मूलभूत आहे. एनव्हीडीएसारखे निःशुल्क पडदा-वाचक सॉफ्टवेअर युनिकोडमधील मराठी मजकूर वाचून दाखवू शकते. चित्रात मिसळलेली अक्षरे मात्र त्याच्यासाठी अस्तित्वात नसतात आणि जुन्या फॉन्टमधील परिच्छेद ते निरर्थक रोमन अक्षरे म्हणून वाचते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम्य स्वरूपात उपलब्ध करणे अपेक्षित आहे. यास्तव, शीर्षक चित्र म्हणून बसवण्याचा निर्णय वरकरणी सजावटीचा वाटला, तरी तो एका विद्यार्थ्याला पाठाबाहेर ठेवणारा निर्णय असतो. जेथे चित्र अपरिहार्य असेल, तेथे त्याचे वर्णन पर्यायी मजकूर म्हणून जोडण्याची सोय बहुतेक प्रणालींत आहे. ती रिकामी ठेवली जाऊ नये.

६. काही आक्षेपांचा विचार

मजकूर चित्रात मिसळण्याच्या बाजूने दोन युक्तिवाद केले जातात. पहिला असा की, त्यामुळे साहित्याची नक्कल रोखली जाते. हा युक्तिवाद टिकणारा नाही. आज चित्रातील मजकूर ओळखणारी साधने सहज उपलब्ध आहेत. ज्याला नक्कल करायची आहे तो थांबत नाही आणि ज्याला वाचायचे आहे तोच अडतो. दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे. रिचर्ड मेयर यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात मांडलेल्या तत्त्वांनुसार अनावश्यक घटक वगळल्यास अध्ययन सुधारते आणि निवेदन व चित्र असताना तेच शब्द पडद्यावर पुन्हा देणे बाधक ठरू शकते. त्यावरून, स्लाइडवर मजकूर कमीत कमी असावा व चित्रालाच बोलू द्यावे, असे अनुमान काढले जाते.

या तत्त्वांचा पहिला भाग प्रस्तुत मांडणीला पूरकच आहे. फुलांच्या नक्षीची पार्श्वभूमी वगळण्यास तो सबळ आधार देतो. दुसऱ्या भागाला मात्र मर्यादा आहेत. निवेदनाची भाषा विद्यार्थ्याची पहिली भाषा नसेल किंवा शब्द अपरिचित व पारिभाषिक असतील, तर पडद्यावरील मजकूर सहाय्यक ठरतो, हे त्या विचारपरंपरेतही मान्य आहे. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीतून विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती नेमकी अशी असते. मजकूर किती असावा याचा निर्णय विद्यार्थी पाहून घ्यावा. पण जो असेल तो मजकूर म्हणूनच असावा.

याचा आणखी एक लाभ भाषांतराच्या वेळी दिसतो. कॅप्टिव्हेटच्या जुन्या आवृत्तीत स्लाइड्सवरील मजकूर मूळ व सुधारित अशा रकान्यांच्या तक्त्यात निर्यात करून, दुरुस्त करून परत आणता येतो. स्टोरीलाइन या प्रणालीतही भाषांतरासाठी मजकूर बाहेर काढण्याची सोय आहे. इंग्रजी पाठ मराठीत आणण्यासाठी ही सोय अत्यंत उपयुक्त होय. परंतु त्या तक्त्यात येतो तो केवळ चौकटींतील मजकूर. पार्श्वभूमीतील शब्द तेथे येत नाहीत आणि म्हणूनच भाषांतरित पाठांत मराठी परिच्छेदांमागे इंग्रजी आकृत्या तशाच राहतात.

प्रणालींच्या निर्मात्यांचा दोषही येथे नोंदवला पाहिजे. मजकूर चित्रात विलीन होत असताना त्याचा अर्थवाही घटक म्हणून होणारा लोप प्रणाली वापरकर्त्याच्या नजरेस पुरेसा आणून देत नाही. काही प्रणाली पाठ प्रकाशित करताना स्वतःच मजकुराचे चित्रात रूपांतर करतात. अशा वेळी मूळ धारिका जपणे हा एकच उपाय उरतो. त्याउलट, ई-एक्स-ई-लर्निंगसारख्या मुक्त प्रणालीत मजकूर वेबपृष्ठावरील मजकूर म्हणूनच राहतो आणि पार्श्वभूमी शैलीच्या स्वतंत्र धारिकेत असते. तिची पृष्ठे दिसायला साधी असतात. दुरुस्तीला मात्र ती सोपी आहेत.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, स्लाइडची पार्श्वभूमी आणि मजकूर यांचे संपादन हे तांत्रिक साहाय्यकावर सोपवण्याचे दुय्यम काम नाही. कोणता भाग बदलणारा आहे, कोणता स्थिर आहे आणि कोणता भाग विद्यार्थ्याने ऐकून समजून घ्यायचा आहे, हे केवळ विषयाचा अध्यापकच ठरवू शकतो. नकाशावरील नाव बदलू शकते, कलमाचा क्रमांक बदलू शकतो, हे त्याला जितके ठाऊक असते तितके रेखनकाराला ठाऊक नसते.

महाविद्यालयांच्या पातळीवर यातून काही अपेक्षा पुढे येतात. ई-साहित्य स्वीकारताना प्रकाशित रूपाबरोबर मूळ संपादनयोग्य धारिकाही ग्रंथालयात जमा करून घ्यावी. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. संस्थेची पार्श्वभूमी मास्टर स्लाइडवर एकदाच निश्चित करावी आणि तिच्यात कोणताही अर्थवाही शब्द ठेवू नये. परीक्षण समितीने पाठ मोबाइलवर पाहावा आणि पडदा-वाचकाच्या साहाय्याने किमान एकदा ऐकावा. यांपैकी कोणत्याही गोष्टीला मोठा खर्च येत नाही.

निवृत्त झालेल्या अध्यापकाचे टिपण त्याच्या जागी आलेला अध्यापक घेतो, त्यातील दोन वाक्ये खोडतो, तीन नवी लिहितो आणि वर्गात जातो, ही महाविद्यालयीन अध्यापनाची जुनी परंपरा आहे. ई-साहित्याने ती खंडित होऊ नये. वीस वर्षांचा अनुभव ओतून तयार केलेला पाठ केवळ एक शब्द बदलता येत नाही म्हणून टाकून द्यावा लागणे, ही ज्ञानव्यवहाराची हानी आहे, आणि ती टाळण्याचा निर्णय पहिली स्लाइड उघडतानाच घ्यावा लागतो.